तीन पातेली आणि एक गुलाबी मेणबत्ती

माझा आवाज शुक्रवारी रात्री गेला. म्हणजे झोपताना होता, त्याच आवाजात तर पोरांना ओरडून झोपवलं, आणि शनिवारी सकाळी "दूध आलं का" विचारायला गेले तर घशातून गंजलेलं दार उघडल्यासारखं काहीतरी निघालं. नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "काय?" मी परत विचारलं. तो परत, "काय?" आणि मग परिस्थिती त्याच्या लक्षात आली आणि चेहऱ्यावर जो आनंद पसरला ना, तो मी आमच्या लग्नातही बघितला नव्हता.

बरं, आवाज जायचा तर कधी जावा? आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या चार आठवड्यांतला, दुसरा आठवडा संपत आलेला, दुसऱ्या दिवशी तिसरा रविवार, सकाळी सातच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बायबलातलं पहिलं वाचन माझं. शिवाय चर्चमधल्या गोठ्याचा, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचा, डोंगर माझ्याकडे. तो कसा आला तर मीटिंगमध्ये मी एवढंच म्हटलं होतं की गेल्या वर्षी गाढव योसेफापेक्षा उंच होतं. फादर हसले आणि म्हणाले, "मग यंदा तुम्हीच बघा ना बाई." आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, चूक दाखवणाऱ्याला तिथल्या तिथे पद मिळतं. आणि मला "नको" म्हणता येत नाही, हे शाळेपासूनचं दुखणं, त्याचा घशाशी काही संबंध नाही.

आम्ही वसईचे. आमच्याकडे रमेदी नावाचा भागच आहे, रमेदी मातेच्या चर्चवरून पडलेलं नाव, आणि पोर्तुगीजांच्या 'रेमेदिओस'चा अर्थ उपाय, औषधं. पोर्तुगीज १७३९ साली किल्ला चिमाजी अप्पांच्या हवाली करून गेले पण उपाय सांगायची सवय इथेच ठेवून गेले असं माझं मत आहे. कारण सकाळी नऊपर्यंत माझा घसा अख्ख्या आळीचा झाला होता.

शेजारच्या आँटी कुंपणावरूनच अडुळशाची फांदी घेऊन आल्या. पानं तव्यावर गरम करायची, ठेचून पिळायची आणि रस मधातून घ्यायचा. तो रस हिरवाही नसतो आणि काळाही नसतो, साचलेल्या डबक्याचा असतो तसा रंग, आणि कडू असा की मध आधी संपतो आणि अडुळसा संध्याकाळपर्यंत जिभेवर राहतो. बीफार्म करणारा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, घे घे, कफ सिरपमधलं ब्रोमहेक्झिन अडुळशातल्याच एका द्रव्यावरून बनवलंय." मी म्हटलं मग सिरपच घेते ना, पण ते त्याला ऐकूच गेलं नाही. सासूबाईंनी हळद-मिठाच्या गुळण्या लावल्या, मोठ्या जाऊबाईंनी ज्येष्ठमधाची काडी तोंडात कोंबली, दूधवाल्या भाऊंनी सुद्धा लवंग भाजून चघळायला सांगितली. एरवी मी निदान "हो हो, नंतर घेते" म्हणून सटकले असते. आवाज नसलेल्या माणसाला सटकता पण येत नाही, त्याने फक्त आ करायचा.

मग बाजार. गोणपाट, खाकी कागद, जिलेटीन पेपर, ताऱ्यासाठी बांबूच्या कामट्या, नाचणी अर्धा किलो (गोठ्यातलं गवत म्हणून ट्रेमध्ये पेरायला, नाताळपर्यंत बोटभर वर येते), कुवेतच्या नणंदेला पाठवायची सुकेळी, टेलरकडून क्वायरवाल्यांचे ब्लाऊज, आणि एक गुलाबी मेणबत्ती. ही शेवटची सगळ्यात महत्त्वाची. आगमनकाळाच्या चक्रात चार मेणबत्त्या असतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, आणि ती गुलाबी नेमकी तिसऱ्या रविवारी लावतात, गौदेते संडे म्हणतात त्याला, लॅटिनमध्ये गौदेते म्हणजे आनंद करा. आमच्या पेटीतल्या तिन्ही जांभळ्या शाबूत होत्या, गुलाबी उंदरांनी खाल्ली होती. उंदरांनी आनंद केला.

वसईतल्या होळी नावाच्या बाजारात दुकानदाराला मी घशातल्या घशात म्हटलं, "गुलाबी मेणबत्ती आहे का?" तर तो माझ्याकडे वाकून तितक्याच हळू म्हणाला, "किती पाहिजे?" हे मी दिवसभर बघितलं, आपला आवाज बसला की समोरचा पण उगाच कुजबुजायला लागतो. आम्ही दोघं पाच मिनिटं असे बोलत होतो की मागची गिऱ्हाइकं काहीतरी भानगड आहे असं समजून सरकून उभी राहिली. त्याने आधी गुलाबपाणी काढलं, मग उदबत्ती. चार दुकानं झाली, पांढऱ्या होत्या, लाल होत्या, सुगंधी होत्या. शेवटी केकच्या सामानाच्या दुकानात एकच गुलाबी मेणबत्ती मिळाली, वाढदिवसाची, '३' आकड्याची. मी बराच वेळ तिच्याकडे बघत उभी राहिले आणि म्हटलं रविवार तिसराच आहे की, घेतली.

घरी आले तेव्हा दुपारचे दोन. आता खरी मजा. शेगडीवर एका बाजूला काढा ठेवला, गवती चहा, आलं, तुळस, मिरी, वर सासूबाईंनी येताजाता टाकलेलं काय काय. दुसऱ्या बाजूला मैद्याची खळ, डोंगराला कागद चिकटवायला. आणि खाली ओट्यावर सासऱ्यांसाठी तांदळाची पेज गाळून ठेवलेली, त्यांचं पोट बरं नव्हतं. तिन्ही पातेली स्टीलची, माझ्याच लग्नातल्या एका सेटमधली. मी ग्लू गनने तारा चिकटवत होते, तिथे बोट भाजलं, मग धावत जाऊन कुंडीतली कोरफड मोडली, तिचा गर बोटाला लावून तसंच चिकट बोट घेऊन पातेलं उचललं आणि अंगणात डोंगर करायला बसले. खोके रचले, पेपरचे बोळे लावले, खाकी कागद पातेल्यात बुडवून बुडवून वर थापला. चिकटत नव्हता नीट, सरकत होता, मला वाटलं मैदा जुना असेल. अजून थापला.

चार वाजता सासरे स्वयंपाकघरातून लोणच्याचं बोट चाटत बाहेर आले. म्हणाले, "आज पेज मस्त दाट झाली होती गं, फक्त मीठ घालायचं विसरलीस."

मी त्यांच्याकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं, हातातल्या पातेल्याच्या तळाशी असलेल्या चार शितांकडे बघितलं. ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडायची सोय नव्हती. सासूबाईंना खुणेने सांगायला गेले तर त्यांना वाटलं घसा जास्तच दुखतोय, त्यांनी अजून एक चमचा अडुळसा घातला. (सासऱ्यांचं पोट त्या दिवशी जे सुधारलं ते आजपर्यंत ठणठणीत आहे, आणि ते अधूनमधून "तसली पेज" मागतात. त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.)

तो डोंगर संध्याकाळी टेम्पोत घालून चर्चमध्ये नेला. क्वायरची प्रॅक्टिस चालू होती, मी बरोबर दोन थर्मास नेले होते, एकात सगळ्यांसाठी चहा, एकात माझा काढा. थर्मास पण सारखेच, हे आता वेगळं सांगायला नको. ऑर्गनवाल्या आँटींनी पहिला घोट घेतला आणि त्यांचा हात सरळ खालच्या पट्टीवर पडला. टेनरमधले काका मात्र दोन कप प्यायले, म्हणाले, "कुठली पावडर वापरता?"

रविवारी सकाळी साडेसहाला पोचले तर लाल मुंग्यांची रांग डोंगरावर चढत होती, पेजेच्या वासाने, अगदी शिस्तीत. एक पोरगं आईला म्हणालं, "ते बघ, तीन राजांचं सैन्य." '३' मेणबत्ती फादरांनी हातात घेऊन उलटसुलट बघितली, काही बोलले नाहीत, खोवली चक्रात.

आणि वाचन कुठलं? बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पस्तिसावा अध्याय. दर तीन वर्षांनी याच रविवारी येतो. वाळवंट फुलेल, लंगडा हरणासारखा उड्या मारेल, इथपर्यंत मी कशीबशी खरखरत आले आणि पुढची ओळ होती मुक्याची जीभ गायला लागेल अशी. तिथे घशातून जे काही निघालं ते गाणं नव्हतं, पण मोठं होतं. मागच्या बाकावरचं बाळ रडायला लागलं. पुढच्या बाकावर शेजारच्या आँटींनी जाऊबाईंना कोपर मारलं, ओठांवरून मला स्पष्ट कळलं, "माझा अडुळसा." सासूबाईंनी मान हलवून "गुळण्या" म्हटलं.

मिस्सा संपल्यावर फादर दारात थांबले होते. म्हणाले, "बाई, आज आवाज काय गंभीर लागला होता हो. गुड फ्रायडेला निवेदकाचं वाचन तुम्हीच करा." ते म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानाचे दोन अख्खे अध्याय.

मी जीव तोडून "नको" म्हटलं. नुसते ओठ हलले.

"थँक्यू," फादर म्हणाले आणि वहीत नाव लिहून घेतलं.