तिचं नाव आज वाचलं गेलं नाही

आत्ता चर्चमधून आलेय. अंगातला कोटही काढलेला नाही. ओट्याला टेकून उभ्याने लिहितेय, कारण बसले तर रडू येईल आणि मला आत्ता रडायचं नाहीये.

इथे आज टोटनझोनटाग होता, म्हणजे मृतांचा रविवार. आगमनकाळ (नाताळआधीचे चार रविवार) सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा रविवार. प्रशियाच्या राजाने १८१६ साली तो घालून दिला आणि पुढे जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या समुदायांत, रुजला. वर्षभरात गेलेल्यांची नावं वेदीसमोर एकेक करून वाचतात. नाव झालं की घंटेचा एक टोला. घरचं कुणीतरी उठतं, ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून एक लहान मेणबत्ती पेटवतं आणि जागेवर येऊन बसतं. बस, एवढंच. नगरला आमच्याकडे हे नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी नर्स म्हणून बव्हेरियाच्या उत्तरेकडच्या फ्रांकेन भागातल्या या गावात आले आणि पहिल्याच नोव्हेंबरात हे पाहिलं. भाषा धड येत नव्हती, पण नावं कळत होती. वाटलं, ही मंडळी आपल्या माणसांना विसरत नाही, इथे आपला टिकाव लागेल.

आज २७ नावं वाचली. मी मोजत होते. २८ हवी होती.

जिचं नाव राहिलं त्या बाळाचे आईबाबा तिसऱ्या बाकावर होते. नावं तारखेच्या क्रमाने वाचतात. जानेवारी संपला, फेब्रुवारी लागला, तसा बाबा सरसावून बसला. बायकोच्या हातातला हात सोडवून घेतला, उठायच्या तयारीत. आणि एकदम मार्चमधल्या एका आजोबांचं नाव आलं. टोला पडला. तो तसाच बसून राहिला, अर्धवट पुढे झुकलेला, शेवटच्या नावापर्यंत.

ते बाळ माझ्या समोर गेलंय, मंडळी. तिचा बाप्तिस्मा मी केलाय.

फेब्रुवारीतली रात्रपाळी. तेविसावा आठवडा, ५६० ग्रॅम. डॉक्टरांनी करण्यासारखं सगळं केलं होतं आणि पहाटे तीनच्या सुमारास आईबाबांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. आई सिझरनंतर व्हीलचेअरवर. तिने एकच विचारलं, बाप्तिस्मा होईल का? हॉस्पिटलच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, फोन केला. ते लगेच निघाले, पण चाळीस किलोमीटर लांब, आणि रस्ते गोठलेले. मॉनिटरकडे पाहिलं आणि कळलं, एवढा वेळ नाहीये.

मी निर्जंतुक पाण्याची दहा मिलीची अँप्यूल फोडली. गार पाणी नको म्हणून मुठीत धरून ठेवली. बिनसुईच्या सिरिंजमध्ये पाणी ओढलं आणि इन्क्युबेटरच्या खिडकीतून हात आत घातला. त्या वयाच्या बाळाची त्वचा कशी असते, ज्यांनी पाहिलीय त्यांनाच कळेल. ओल्या कागदासारखी. बोट टेकवायची भीती वाटते. कपाळावर तीन थेंब. तिचं नाव घेतलं (इथे लिहीत नाही, ते नाव आईबाबांचं आहे), आणि म्हटलं, मी तुझा बाप्तिस्मा पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने करते. हे जर्मनमध्ये म्हटलं, आईबाबांना कळावं म्हणून. पण प्रभूची प्रार्थना म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. मराठीतच. थांबवता येईना. ते दोघं त्यांच्या भाषेत म्हणत राहिले, मी माझ्या. ड्यूटीवरचा डॉक्टर कशावरही विश्वास नसलेला माणूस. शेवटचं आमेन सगळ्यात मोठ्याने त्याने म्हटलं.

चार वाजून पाच मिनिटांनी ती गेली.

आता आज काय झालं ते ऐका. उपासनेनंतर मागच्या हॉलमध्ये कॉफी असते. मी थेट विचारलं, नाव का नाही वाचलं? आमच्या मंडळीच्या कारभारात पंचवीस वर्षं असलेले एक गृहस्थ, वयाने वडीलधारे, माझ्या कपात कॉफी ओतता ओतता अगदी शांतपणे म्हणाले, दफन हॉस्पिटलने केलं, आपल्या वहीत नाही. आणि बाप्तिस्म्याचा कागद आला होता, पण त्याचं काय करायचं ते ठरलं नाही. तसा तो खरा बाप्तिस्मा नव्हताच ना, श्वेस्टरने केलेला.

श्वेस्टर म्हणजे बहीण. इथे नर्सला तीच हाक आहे. मी त्या कपाला हात लावला नाही.

खरा नव्हता? मग कसा होता? अर्धा? कच्चा? मी नऊ महिने कळवळून ज्या रात्रीची आठवण वागवतेय, ती एक कागद ‘त्याचं काय करायचं’ म्हणून फायलीत पडून होती!

मी मुळात लुथरन नाही. आम्ही नगरचे, अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचे, ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं म्हणत वाढलेले. इथे आल्यावर तेव्हाच्या पाळकांबरोबर एक हिवाळाभर बसून प्रॉटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन लुथरची लहान प्रश्नोत्तरावली वाचली. १५२९ सालची. आदल्या वर्षी सॅक्सनीतल्या खेड्यापाड्यांत मंडळ्यांची तपासणी झाली, लोकांना साधी प्रभूची प्रार्थना येत नाही हे पाहून लुथर हादरला आणि घरातल्या कर्त्या माणसाला मुलाबाळांना शिकवता यावी म्हणून त्याने ही लिहिली. त्यात सरळ प्रश्न आहे, पाणी एवढी मोठी गोष्ट कशी करू शकतं? आणि उत्तर आहे, नुसतं पाणी करत नाही. पाण्यासोबत असलेलं देवाचं वचन करतं, आणि त्या वचनावर टेकलेला विश्वास करतो. पाणी कोणी ओतलं, त्याच्या अंगात झगा होता की हॉस्पिटलचा निळा गणवेश, याबद्दल तिथे अवाक्षर नाही. मी शोधलंय.

आणि हे काही नवं नाही हो! लुथरच्या काळात सुइणींना हे शिकवलेलं असायचं. बाळ जगेलसं दिसलं नाही तर सुईणच बाप्तिस्मा द्यायची. बाळ वाचलं तर त्याला चर्चमध्ये आणायचे आणि पाळक विचारायचा, पाणी वापरलं का, कोणत्या नावाने केलं, कोण कोण हजर होतं. उत्तरं बरोबर आली की पुन्हा बाप्तिस्मा नाही. फक्त सगळ्या मंडळीसमोर सांगायचं, की हा बाप्तिस्मा झालेला आहे. पाचशे वर्षांची रीत. इथल्या गीतपुस्तकात निकडीच्या बाप्तिस्म्याचा विधी छापलेला आहे, कुणाही ख्रिस्ती माणसाने करावा म्हणूनच. २००७ साली माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये ११ चर्चेस एकत्र आली आणि एकमेकांचा बाप्तिस्मा मान्य म्हणून सह्या झाल्या. कॅथलिकांचा चालतो, ऑर्थोडॉक्सांचा चालतो. आपल्याच मंडळीतल्या नर्सचा चालत नाही?

बरं, आजचा उपदेश कोणी केला? निवृत्त शिक्षिकेने. आम्हाला चौदा महिने पाळक नाही. शेजारच्या गावच्या पाळकबाई तीन मंडळ्या ओढतात, आणि उरलेले रविवार शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि एक शेतकरी आळीपाळीने सांभाळतात. चर्चकडून शिकून, नेमणूक घेऊन. फार मनापासून करतात, मी त्यांच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेणार नाही. पण मग त्या चालतात आणि मी का नाही?

हो, मला माहीत आहे तुमच्यातले काही जण खाली काय लिहिणार. शिस्त हवी. कुणीही उठावं आणि वेदीपाशी उभं राहावं असं नाही चालत. मान्य. १५३०च्या आउग्सबुर्गच्या कबुलीजबाबातलं (लुथरनांच्या श्रद्धेच्या मूळ जाहीरनाम्यातलं) चौदावं कलम मलाही माहीत आहे, रीतसर बोलावणं असल्याशिवाय कुणी जाहीर शिकवू नये, संस्कार चालवू नयेत. पाळक हिब्रू शिकतात, ग्रीक शिकतात, वर्षानुवर्षं घालवतात, ते उगाच नाही. पण पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी इन्क्युबेटरच्या खिडकीतून आत गेलेला हात म्हणजे कुणाच्या जागेवर डल्ला नव्हे.

याच लुथरने १५२० साली लिहून ठेवलं, की जो कोणी बाप्तिस्म्याच्या पाण्यातून बाहेर आला, तो पाळक, बिशप आणि पोप म्हणून अभिषिक्त झालाच. (पुढे असंही म्हणतो की ते काम चालवायला प्रत्येक जण योग्य असेलच असं नाही. तेही मान्य.) आज घरी येताना पुलावर थांबले तेव्हा हे डोक्यात आलं आणि पाय हलेनात. मग ती कोण होती? चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, ५६० ग्रॅमची, तोंडात नळी असलेली. लुथरच्या हिशोबाने पाळक होती ती. बिशप होती. आमच्या मंडळीच्या कारभाऱ्यांच्या बरोबरीची होती. तिचं नाव गाळलंय तुम्ही.

माझी आजी बायबलबाई होती. शेवगावच्या बाजूची गावं पायी फिरायची, पिशवीत बायबल आणि भाकरी. बाळंतिणींजवळ बसायची, वचनं सांगायची, मरणाऱ्याच्या उशाशी रात्र काढायची. पाळकसाहेब दोन-तीन महिन्यांनी बैलगाडीतून यायचे, तोवर त्या गावांची मंडळी म्हणजे आजीच होती. चर्चमध्ये मात्र ती मागच्या सतरंजीवर. व्यासपीठावर एकदाही नाही. तिला विचारलं तर म्हणायची, माझं काम बाहेर आहे गं. मी लहान होते, मला ते खरं वाटायचं. इथेही काही वेगळं नाही, बव्हेरियाच्या लुथरन चर्चने बायकांना पाळकपदाची दीक्षा द्यायचं ठरवलं ते १९७५ साली. आणि इथून जवळच नॉयएंडेट्टेल्साउ आहे, तिथे १८५४पासून डायकोनिसा तयार झाल्या, रोग्यांची सेवा करणाऱ्या बहिणी. गावोगावच्या आजाऱ्यांपाशी त्याच बसल्या. त्यांच्यातल्या किती जणींनी असे तीन थेंब घातले असतील आणि वहीत काय लिहिलं गेलं असेल, याचा आज पहिल्यांदा विचार केला.

चहा ठेवलाय. कोट काढला.

थोडं शांत होऊन लिहिते. त्या गृहस्थांच्या मनात वाईट नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली तेव्हा त्यांनी अशीच थरथरत्या हाताने मेणबत्ती लावली होती, मी पाहिलंय. ऑफिसात आठवड्यातून दोन सकाळी एकच बाई येते. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट चर्चचे सभासद दोन कोटींच्या खाली गेलेत, पैसा आटतोय, माणसं आटताहेत, कागद राहून जातात. कळतं मला.

आणि हेही कळतं, की तिचं तारण त्या वहीवर अडलेलं नाही. लुथरने १५४२ साली, ज्यांची बाळं पोटातच किंवा बाप्तिस्म्याआधी गेली अशा आयांसाठी लिहिलंय, की तुमचं कण्हणंसुद्धा देवाने प्रार्थना म्हणून ऐकलंय. त्याची स्वतःची एलिझाबेथ आठ महिन्यांची होऊन गेली होती. तो हे पुस्तकातून बोलत नव्हता.

तरी नाव वाचायला हवं होतं. तिला नको असेल, देवाला नको असेल. त्या बाबाला हवं होतं. तो उठायच्या तयारीत होता. आठ पावलं चालून एक मेणबत्ती लावायची, एवढंच त्याला मुलीसाठी करता येण्यासारखं उरलं होतं, आणि आम्ही त्याला बसवून ठेवलं.

त्याला बाहेर गाठलं. काय बोलावं सुचेना. मीच माफी मागितली, मंडळीच्या वतीने, मला तो अधिकार आहे की नाही देव जाणे. आईने माझे दोन्ही हात धरले आणि तळवे पाहिले, काही शोधत असल्यासारखे. मग म्हणाली, तुमचे हात त्या रात्री गरम होते.

इथपर्यंत लिहिलं आणि पाळकबाईंचा मेसेज आला. मी त्यांना रागारागात लांबलचक लिहिलं होतं. त्या आज दुसऱ्या गावी होत्या, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या आईबाबांकडे आजच संध्याकाळी जाताहेत. पुढच्या रविवारी, आगमनकाळाची पहिली मेणबत्ती लावायच्या आधी, तिचं नाव वाचलं जाईल, घंटेसकट. बाप्तिस्म्याच्या वहीत फेब्रुवारीच्या तारखेनेच नोंद होईल. मंगळवारी नऊला ऑफिसात या म्हणाल्या, बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात तुमचं पूर्ण नाव घालायचंय, आणि आईबाबांखेरीज आणखी कुणी हजर होतं का तेही सांगा.

उद्या रात्रपाळी आहे, तिथून थेट जाईन. तोच डॉक्टर आहे ड्यूटीवर. त्याला विचारायचंय, साक्षीदार म्हणून तुझं नाव लिहू का.