परदेशी व्यापार कार्यालयं कायद्याच्या बाहेर नाहीत

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरातल्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. हुपरीचे चांदीवाले आणि चप्पल व्यापारी यांच्याकडेही तो पोचलाय. मेसेज म्हणतो की परदेशी व्यापार कार्यालय म्हणजे छोटा दूतावासच. तिथल्या साहेबापासून शिपायापर्यंत कुणालाही भारतीय कायदा लागू नाही. ते जीएसटी देत नाहीत, त्यांच्यावर कोर्टात जाता येत नाही. या सवलती दिल्लीतले अधिकारी परस्पर वाटतात, संसदेला त्यात काही अधिकार नाही. अमेरिकेनं मात्र कायदा करून हाँगकाँगची कार्यालयं बंद पाडली. आणि शेवटी सल्ला: पैसे अडकले तर नाद सोडा.

या सल्ल्यामुळे मी लिहायला बसलो. कास्टिंगचा माल पाठवून बसलेल्या माणसानं अशा मेसेजवर विश्वास ठेवून दावा सोडला, तर त्याचं नुकसान खरं असेल.

‘छोटा दूतावास’ ही पहिलीच चूक आहे आणि बाकीच्या बहुतेक चुका तिच्यातूनच आल्यात. एकाच पाटीखाली निदान चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. दूतावासाचा व्यापार विभाग हा दूतावासाचाच भाग. त्याला १९६१ चा व्हिएन्ना करार लागू होतो. मुंबईतल्या एखाद्या वाणिज्य दूतावासाचा व्यापार विभाग असेल तर १९६३ चा वेगळा करार, आणि त्यातलं संरक्षण बरंच तोकडं आहे. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या आपल्या उपमहावाणिज्यदूतांना अटक झाली होती, ती आठवा. अमेरिकेची बाजू हीच होती की वाणिज्य दूताला फक्त कार्यालयीन कामापुरतं संरक्षण असतं. तिसरा प्रकार म्हणजे परदेशी सरकारच्या किंवा कंपनीच्या पाठबळावर चालणारी संस्था, जी फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) नियमांखाली लायझन ऑफिस, म्हणजे नुसतं संपर्क कार्यालय म्हणून नोंदवलेली असते. तिला संरक्षण आपोआप मिळत नाही. उलट लायझन ऑफिसला इथं कमाई करायलाच मनाई आहे, खर्च बाहेरून आलेल्या पैशातून भागवायचा आणि दरवर्षी सीएचा दाखला द्यायचा.

चौथा प्रकार तैवानचा. आपल्याकडे सीएनसी मशीनच्या निमित्तानं तैवानचं नाव घराघरात आहे. भारताचे तैवानशी औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत, तरी १९९५ पासून दिल्लीत त्यांचं आर्थिक व सांस्कृतिक केंद्र आहे. नंतर ते चेन्नईत आलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईतही. हे केंद्र दूतावास नाही. दोन बाजूंनी समजुतीनं उभी केलेली ती सोय आहे. या चौघांना एकाच मापानं मोजणारा मेसेज पहिल्या ओळीतच घसरलाय.

शिपायाचं तर सोडाच. १९६१ च्या करारात दर्जानुसार संरक्षण उतरत जातं. सेवक वर्गाला फक्त कामाच्या ओघात केलेल्या कृतींपुरतं, आणि तो भारतीय नागरिक असेल तर भारत जेवढं मान्य करेल तेवढंच. अशा कार्यालयात नोकरी करणाऱ्या कोल्हापूरच्या पोरानं स्वतःच्या गाडीनं कुणाला ठोकलं तर गुन्हा दाखल होतो. खुद्द राजनैतिक अधिकाऱ्यालाही स्वतःच्या फायद्यासाठी इथं धंदा करायला बंदी आहे. केलाच, तर त्या व्यवहारापुरतं दिवाणी संरक्षण त्याला मिळत नाही.

जीएसटीचा मुद्दा मात्र नीट वाचा, कारण इथं चूक केली तर भुर्दंड विकणाऱ्याला बसतो. ज्या परदेशी कार्यालयांना सवलत आहे त्यांना पंधरा अंकी यूआयएन, म्हणजे जीएसटीचा खास ओळख क्रमांक मिळतो. ते माल घेताना कर भरतात आणि नंतर परतावा मागतात. म्हणजे तुमच्या इनव्हॉइसवर कर लावायचाच, ग्राहकाचा यूआयएन लिहायचा आणि रिटर्नमध्ये तो व्यवहार दाखवायचा. परतावा मिळवणं हे त्यांचं काम. समोरच्यानं ‘आम्हाला कर नाही, बिल बिनकराचं करा’ म्हटलं आणि तुम्ही केलंत, तर कर आणि व्याज दोन्ही तुमच्या माथी. यूआयएन दाखवता येत नसेल तर नेहमीसारखं बिल करा, विषय संपला.

आता कोर्ट. मेसेजमध्ये थोडं तथ्य असेल तर ते इथं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६ प्रमाणे परदेशी राज्यावर किंवा राजदूतावर दावा लावायला केंद्र सरकारची लेखी संमती लागते. हा अडथळा खरा आहे आणि लहान कारखानदाराला तो जड जातो. पण त्याच कलमात लिहिलंय की ते राज्य त्या कोर्टाच्या हद्दीत व्यापार करत असेल तर संमती देता येते. संमती नाकारण्याआधी अर्जदाराचं म्हणणं ऐकून घ्यायचं, ही अट संसदेनंच १९७६ मध्ये घातली. नवी दिल्लीतल्या अल्जेरियाच्या दूतावासाच्या दुरुस्तीचं काम केलेल्या एका कंत्राटदाराचं बिल थकलं होतं. सरकारनं राजकीय कारण सांगून संमती नाकारली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९८६ मध्ये न्यायालयानं बजावलं की असं मोघम नाकारता येणार नाही, कारणं देऊन फेरविचार करा. त्या माणसानं नाद सोडला असता तर हा निकालच झाला नसता.

सरकारी मालकीच्या कंपनीचं तर आणखी स्पष्ट आहे. १९९२ मध्ये मुंबईहून दार-ए-सलामला पाठवलेला रंगांचा माल खराब होऊन पोचला. इथिओपियन एअरलाइन्सनं कलम ८६ ची ढाल पुढे केली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की व्यापारी व्यवहारात हे संरक्षण चालणार नाही.

काही जण यात प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचं प्रकरणही ओढतात. जून २०२५ मध्ये तिच्या मिलानच्या मंचावर आपली कोल्हापुरी चप्पल दिसली, उच्च न्यायालयातली याचिका फेटाळली गेली, म्हणजे परदेशी लोकांना हात लावता येत नाही, असा त्यांचा हिशोब. प्राडा खासगी कंपनी आहे, तिला कसलंही राजनैतिक संरक्षण नाही. याचिका फेटाळली ती याचिकाकर्ते चपलेच्या जीआयचे (भौगोलिक मानांकनाचे) नोंदणीकृत मालक नव्हते म्हणून. जीआयची नोंदणी महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकार या दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे.

राहिला संसदेचा प्रश्न, आणि माझ्या मते खरं दुखणं इथंच आहे. ‘संसदेला अधिकार नाही’ हे साफ खोटं. व्हिएन्ना करार भारतात कायदा म्हणून चालतो तो संसदेनं १९७२ मध्ये केलेल्या राजनैतिक संबंध अधिनियमामुळे. एखादा देश आपल्या अधिकाऱ्यांना कमी सवलत देत असेल तर त्याच्या इथल्या सवलती अधिसूचनेनं कमी करता येतात, असं त्यात लिहिलंय. या कायद्याखालचे नियम आणि अधिसूचना दोन्ही सभागृहांपुढे ठेवाव्या लागतात. सभागृहं त्यात बदल करू शकतात, त्या रद्दही करू शकतात. जीएसटी आणि सीमाशुल्काच्या माफीच्या अधिसूचनाही तशाच पटलावर येतात. परराष्ट्र व्यवहारांची स्थायी समिती आहे, सरकारनं केलेले नियम तपासणारी दुय्यम विधानांची समिती आहे.

पण हत्यार असणं आणि ते चालवणं यात फरक आहे. पटलावर ठेवलेल्या अशा कागदांवर चर्चा क्वचितच होते. व्यापार कार्यालयांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, आणि एखाद्या कार्यालयाला कोणता दर्जा द्यायचा यावर खासदारांचं मतदान होत नाही. मेसेज लिहिणाऱ्याला इथं राग आला असेल तर तो मला समजतो. फक्त त्यानं दाराला कुलूप आहे असं सांगितलं. दार उघडं आहे, आत कुणी जात नाही.

अमेरिकेचं उदाहरणही अर्धवट आहे. तिथं हाँगकाँगच्या कार्यालयांना सवलती मिळाल्या त्याच मुळी १९९७ च्या कायद्यामुळे. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिनिधी सभेनं ४१३ विरुद्ध ३ मतांनी विधेयक मंजूर केलं. ही कार्यालयं सवलतींना पात्र आहेत का हे अध्यक्षांनी ठरावीक काळानं प्रमाणित करावं, नसतील तर ती बंद व्हावीत, असा त्याचा आशय. सिनेटनं ते मंजूर केलं नाही आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या काँग्रेसची मुदत संपताच विधेयकही संपलं. कार्यालयं त्यानं बंद झाली नाहीत. मात्र ठरावीक काळानं दर्जा तपासायची ती कल्पना आपण उचलावी, असं मला मनापासून वाटतं.

ज्याचे पैसे आज अडकलेत त्यानं आधी समोरच्याचा दर्जा लेखी विचारावा. उत्तर मिळालं नाही तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रोटोकॉल विभागाकडे दहा रुपये भरून माहिती अधिकारात विचारावं. कलम ८६ ची संमती लागत असेल तर अर्ज करावा आणि सुनावणी मागावी. नकार आलाच तर उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच आहे. नकाराविरुद्धची रिट याचिका इथं चालेल का, हे वकिलाला विचारून घ्यावं.

आणि गोशिमा, स्मॅकसारख्या इथल्या कारखानदारांच्या संघटनांनी कोल्हापूर आणि हातकणंगले या दोन्ही खासदारांकडे एक प्रश्न लिहून द्यावा. लोकसभेत दररोज २३० अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचे प्रश्न घेतले जातात, त्यात हा बसतो: महाराष्ट्रातल्या कोणत्या परदेशी व्यापार कार्यालयांना कोणत्या अधिसूचनेनं कोणत्या सवलती आहेत, आणि गेल्या पाच वर्षांत कलम ८६ खाली आलेल्या किती अर्जांना संमती मिळाली, किती नाकारले गेले?