वजनदार बाळ म्हणजे सुदृढ बाळच का?

गरोदर बायकांपर्यंत एक मेसेज सारखा पोहोचतोय. त्याचं म्हणणं असं: बाळ जितकं वजनदार तितकं सुदृढ, म्हणून दोन जिवांचं खा. घरात कुणाला डायबेटिस नसेल तर साखर तपासू नका. आणि सोनोग्राफीत बाळ चार किलोंच्या वर दिसलं तर थेट सिझेरियन करून घ्या. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि पहिला सगळ्यात घातक.

काही बाळं आईवडिलांच्या अंगकाठीवर जातात, काहींचं वजन दिवस उलटून गेल्यामुळे वाढतं. पण आईची साखर वाढलेली असेल तर गोष्ट वेगळी. ती साखर वारेतून बाळापर्यंत जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्तीचं इन्सुलिन तयार करतं आणि चरबी साठते, ती मुख्यतः खांद्यांवर आणि धडावर. बाळंतपणात डोकं बाहेर येतं आणि खांदा आईच्या ओटीपोटाच्या हाडामागे अडकू शकतो. अशा वेळी दोघी जणी आईच्या मांड्या पोटाकडे दुमडून धरतात, तिसरी हाडाच्या वरून खांदा दाबते. बऱ्याचदा तेवढ्याने तो सुटतो. कधी मात्र मानेजवळच्या नसा ताणल्या जातात आणि बाळाचा हात लुळा पडतो. आईला मोठी फाट जाण्याचा, जास्त रक्तस्राव होण्याचा धोका असतोच. नाळ कापली की साखर यायची थांबते, पण बाळाचं इन्सुलिन चढलेलंच असतं, म्हणून त्याची साखर घसरू शकते. अशा गुटगुटीत बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेतात ते याचसाठी.

दोन जिवांच्या खाण्याचं म्हणाल, तर पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं जवळजवळ काहीच लागत नाही. शेवटच्या तीन महिन्यांतही दिवसाला सुमारे ४५० कॅलरीच जास्त लागतात.

तपासणी टाळायला सांगणं तर मला अक्षम्य वाटतं. गरोदरपणात वारेतल्या हार्मोन्समुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. त्यामुळे घरात कुणालाही डायबेटिस नसताना साखर वाढू शकते आणि बहुतेकींना काही जाणवतही नाही. म्हणून २४ ते २८ आठवड्यांत ग्लुकोज पिऊन रक्त तपासतात. उपचाराचा उपयोग होतो, हेही सिद्ध झालंय. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीत आहार, साखरेवर लक्ष आणि गरजेपुरतं इन्सुलिन एवढ्यावर चार किलोंवरच्या बाळांचं प्रमाण २१ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं.

राहिलं सिझेरियन. सोनोग्राफीतलं वजन हा अंदाज असतो, तो १० ते १५ टक्के सहज चुकतो. म्हणजे चार किलोंच्या बाळात ४०० ते ६०० ग्रॅमचा फरक. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांची संघटनाही आधीच ठरवून सिझेरियन करण्याचा विचार आईला डायबेटिस असेल तर साडेचार किलोंपासून आणि नसेल तर पाच किलोंपासून करायला सांगते. आधीच्या बाळंतपणात खांदा अडकला असेल, तर मात्र ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

आणि गरोदरपणात साखर वाढली असेल, तर बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत आईने पुन्हा तपासून घ्यायचं. बाळाच्या गडबडीत हे हमखास राहून जातं आणि पुढे तिलाच डायबेटिस होण्याचा धोका बराच जास्त असतो.