डिजिटल संस्कृतीची पदवी आणि दहा बाय आठचा फ्लेक्स

डिजिटल माध्यमं आणि संस्कृती या विषयाची पदवी घेऊन कोकणात परतलात, अभिनंदन. वाडीत पहिला प्रश्न येईल, "झील काय शिकलो?" तेव्हा विषयाचं पूर्ण नाव सांगत बसू नका. "कम्प्युटरात आसा" एवढं पुरे होतं. लगेच कुणीतरी काका मोबाईल पुढे करतील आणि सातबारा काढायला सांगतील. निमूट काढून द्या. ई-पीक पाहणीत आंब्याची कलमं भरा, आजींचं ई-केवायसी करा, ओटीपी आजींच्या मुंबईतल्या मुलाच्या फोनवर जातो हे ध्यानात ठेवा. यात पैसे नाहीत, पण पुढची गिऱ्हाइकं इथूनच मिळतात.

खरा भरवशाचा धंदा फ्लेक्सचा. दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स 72 डीपीआयला, म्हणजे इंचाला 72 ठिपके धरून, 8640 बाय 6912 पिक्सेल होतो. ज्यांचा वाढदिवस त्या भाऊंचा फोटो मात्र व्हॉट्सॲपवरून येतो, तोही तीन ग्रुप हिंडून, अंगावरचे निम्मे पिक्सेल वाटेत सांडून. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" हे वाक्य पाठ करा; कुणी ऐकणार नाही. रंग सीएमवायकेतच, म्हणजे छपाईच्या सायन, मॅजेंटा, यलो, काळा या चार शाईंतच बांधा. भगव्याला मॅजेंटा साठाच्या आसपास, यलो 100 आणि सायन शून्य. सायन जरासा शिरला तरी भगव्याचा विटकरी होतो, आणि विटकरी भगव्याचं बिल कार्यकर्ते देत नाहीत. मजकूर युनिकोडमध्ये येईल, दुकानातलं कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं असेल, 'हार्दिक'चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसेल. सगळं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात पुन्हा टाइप करा, प्रूफवर सही घ्या, मगच छापायला सोडा.

प्रतिमांच्या राजकारणावर तीन वर्षं निबंध लिहिलेत ना, त्याची परीक्षा इथे आहे. वरच्या रांगेत गोलात दिल्ली-मुंबईची मुंडकी, मग जिल्हा, मग तालुका, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. तालुकाप्रमुखाचं डोकं जिल्हाप्रमुखाच्या डोक्यापेक्षा अर्धा इंच मोठं झालं तर रात्री साडेअकराला फोन येतो. प्रत्येक मुंडकं स्वतंत्र लेयरवर ठेवा आणि लेयर कधीही एकत्र करू नका. पक्ष फुटला की मधलं शरीर आणि मजकूर तसाच राहतो, फक्त वरची रांग बदलावी लागते. लेयर शाबूत असतील तर वीस मिनिटांचं काम. पैसे नव्या फ्लेक्सचेच लावा.

शिवाय या माध्यमाचं आयुष्य मोठं. वाढदिवस सरला की फ्लेक्स खाली उतरतो आणि मिरगाच्या आधी कुणाच्या तरी पडवीला झड, म्हणजे पावसाचा आडोसा, म्हणून बांधला जातो. नाहीतर लाकडांच्या खोपीवर पसरतो, भाऊ उलटे, शुभेच्छुक वर. झावळ्यांची झड दरवर्षी नवी विणायला लागायची, ही दोन पावसाळे टिकते. तुमची दुसरी कुठलीही कलाकृती एवढे दिवस कुणी जपून ठेवणार नाही.

फ्लेक्सात मन रमत नसेल तर यूट्यूब आहेच. थंबनेलवर "येवा, कोकण आपलाच आसा" लिहायचं, पोफळीच्या बागेत हात पसरून उभं राहायचं. जाहिरातींत वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास बघितलं जाणं लागतं. शॉर्ट्सच्या वाटेने गेलात तर 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूज. कमाई 10 डॉलरला पोचली की पत्ता पडताळायला गूगल एक पिन पाठवतं, आणि तो येतो टपालाने. तुमच्या घराला नंबर नाही, वाडीत त्याच आडनावाची बावीस घरं आहेत, त्यातली आठ कुलूपबंद. पत्त्यात नाक्यावरच्या किराणा दुकानाचं नाव घाला. खात्यावर पैसे 100 डॉलर साठल्यावरच येतात, तोवर घरच्यांना "प्रोसेसमध्ये आहे" सांगत राहा.

होमस्टेची रील्स करणाराला मोबदला म्हणून जेवण मिळतं. सुरमई असेल तर काम घ्या.

ड्रोनने लग्नं उडवायची असतील तर 250 ग्रॅमच्या वरचा ड्रोन पैशासाठी चालवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. सिंधुदुर्ग किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिथे परवानगीशिवाय उडवू नका. बाकी मालवणच्या समुद्रात होडीतून ड्रोन सोडायची हौस येईलच. फक्त एवढंच, की बॅटरी उतरली किंवा सिग्नल तुटला की तो आपण होऊन जिथून उडाला त्या जागी परततो. जागा तीच असते, होडी तोवर वाऱ्याने दीडशे फूट सरकलेली असते. ड्रोन अगदी शिस्तीत, अचूक ठिकाणी, समुद्रात उतरतो. हे टाळायचं तर उड्डाणानंतर रिटर्नचा बिंदू सारखा कंट्रोलरच्या जागेवर आणत राहायला हवा, आणि शेवटी तो हातात झेलायला हवा, कारण पाण्यावर खालचे सेन्सर गोंधळतात. पण मग नवा ड्रोन घ्यायचं निमित्त जातं.

आता एक वाट अशी, की तिच्याकडे चुकूनही फिरकू नका. जत्रेत रात्रभर चालणारा दशावतार नीट टिपून ठेवायचा मोह होईल. संवाद कुठे लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतो आणि पहाटे ते विरून जातात, म्हणून तर मोह होतो. आवरा. गावातल्या एलईडीखाली फोन 30 फ्रेमवर लावलात तर संकासुर राक्षसावर काळे पट्टे सरकताना दिसतील, कारण आपली वीज 50 हर्ट्झची. 25 फ्रेम आणि एक पन्नासांश शटर ठेवलं की बहुतेक वेळा पट्टे जातात, हे कळून तुम्हाला काय करायचंय? जुने कॅमेरे 29 मिनिटं 59 सेकंदांनी आपोआप थांबतात, नेमके राजा आणि राक्षस शब्दाला शब्द भिडवत असताना. दुसरा कॅमेरा दहा मिनिटं उशिरा सुरू करावा लागतो. लाऊडस्पीकरसमोर रेकॉर्डर ठेवला तर मृदंग फाटतो. मिक्सरची लाइन एका रेकॉर्डरवर, मांडवातला आवाज दुसऱ्यावर घ्यावा लागतो. 100 एमबीपीएसच्या फोरके व्हिडिओला तासाला 45 जीबी, म्हणजे सहा तासांच्या खेळाला 270. त्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक गावाबाहेर. पावसाळ्यात कॅमेरा 40 ते 50 टक्के आर्द्रतेच्या पेटीत, नाहीतर भिंगावर बुरशी.

शिवाय फाइलच्या नावात तारीख, गाव, नाटक कंपनी, आख्यान. सोबत कोण कुठल्या भूमिकेत आणि मृदंगावर कोण, याची नोंद. ही नोंद नसेल तर दहा वर्षांनी उरतात 270 जीबी किरीट. प्रयोगावर कलाकाराचा हक्क कायद्याने 50 वर्षं असतो, म्हणून खेळाच्या आधी, रंग लावायच्या आत लेखी संमती. एवढं करून देणारं माणूस जिल्ह्यात शोधून सापडत नाही, आणि एवढ्याचे पैसे देणारंही. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना चित्रकथीसाठी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेसाठी, 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामुळे जुन्या चित्रांच्या पोथ्या स्कॅन करायला निघाल तर लोक आता वेड्यात काढणार नाहीत. चहा देतील. पोथी ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये घालू नका, वरून कॅमेरा लावा, दोन्ही बाजूंनी 45 अंशांवर दिवे, कडेला रंगपट्टी, आणि पानं उलटायचं काम पोथी ज्यांची त्यांनाच करू द्या.