पैसा आला की मुलं कमी होतात?

नमस्कार. जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी किती मुलं, कुठे लवकर आणि कुठे उशिरा का उतरतो यावरच्या माझ्या लेखावर दिलेल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. 'उगाच गुंता करता. देश श्रीमंत झाला की जननदर उतरतो, जो आधी श्रीमंत तो आधी उतरतो, संपलं,' असं तुमचं म्हणणं. इतकं सोपं असतं तर मी लेख लिहायच्या फंदात पडलो नसतो.

तुमच्या हिशेबाने पहिला नंबर इंग्लंडचा लागायला हवा. कारखाने तिथे आधी आले, पण कुटुंबं लहान व्हायला लागली ती थेट १८७०च्या दशकात. फ्रान्समध्ये मात्र बहुतेक लोक शेतीवर जगत असतानाच, अठराव्या शतकाच्या अखेरीस, हे सुरू झालं होतं. सौदी अरेबियात १९७०च्या दशकात तेलाचा पैसा धो धो आला. १९८०च्या सुमारास तिथे एका बाईमागे मुलं होती सरासरी सात! आता बांगलादेश बघा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथलाही आकडा सातच्या आसपास होता. २०११ पर्यंत तो २.३ वर आला, आणि देश तेव्हाही गरीबच होता. गर्भनिरोधकं घेऊन कार्यकर्त्या घरोघरी गेल्या, म्हणजे ज्या बाईला घराबाहेर पडणंच अवघड तिच्यासाठी दवाखाना उंबऱ्याशी आला. मुली शाळेत जाऊ लागल्या. झालेलं मूल जगेल, हा भरवसा आईबापांना वाटू लागला. माझ्या मते जननदर उतरण्याचा वेग ठरतो तो इथे.

हा बदल उशिरा सुरू झालेल्या देशांना आणखी एक फायदा: लशी, औषधं, डासांवरची फवारणी सगळं आयतं मिळालं. श्रीलंकेत १९४६ साली हजारी २० असलेला मृत्युदर एका वर्षात १४ वर आला. स्वीडनला तेवढ्यासाठी कित्येक दशकं लागली. मृत्यू झपाट्याने घटतात, जन्म तेवढेच राहतात, म्हणून अशा देशांची लोकसंख्या आधी भसाभस वाढते, आणि पुढे जननदरही तसाच कोसळू शकतो. इराणमध्ये १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत सहाच्या वर असलेला जननदर २००० च्या सुमारास दोनच्या आसपास होता.

उत्पन्नाचा काहीच संबंध नाही, असं मी म्हणत नाही. शाळा-दवाखान्यांना पैसा लागतोच.

चीनबद्दल मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. जननदरातली घट मी सगळी 'एकच मूल' धोरणाच्या नावावर टाकली होती. ते धोरण आलं १९८० च्या सुमारास, आणि १९७० साली ५.८ च्या आसपास असलेला जननदर तोवर तीनच्या खाली उतरला होता. लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे.