परतीची वेळ आधी ठरवा

लेखात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना ‘यश मिळेपर्यंत थांबायचं नाही’ असा सल्ला दिलाय. चिकाटीबद्दल पूर्ण सहमत, पण हे वाक्य पटलं नाही.

स्वीडनचा गिर्यारोहक योरान क्रॉप १९९५ साली घरून सायकलने निघाला, थेट नेपाळपर्यंत. एव्हरेस्टवर कृत्रिम प्राणवायूशिवाय, स्वतःचं सामान स्वतः वाहत चढला. याहून मोठी जिद्द कुठली? ३ मे १९९६ रोजी शिखर जेमतेम शंभर मीटर उरलं होतं आणि तो मागे फिरला. उशीर झाला होता. पुढे गेला तर अंधारात उतरावं लागेल, हे त्याला कळत होतं. त्याच महिन्यात १० तारखेला उशिरापर्यंत चढत राहिलेले अनेक जण वादळात सापडले आणि आठ जणांचा जीव गेला. क्रॉप २३ मेला शिखरावर पोचला.

अनुभवी गिर्यारोहक परतीची वेळ खालीच ठरवतात, कारण वर विरळ हवेत डोकं नीट चालत नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला बसलेल्या मुलाचंही काहीसं तसंच होतं. यूपीएससी खुल्या गटाला सहा संधी देते, वय ३२ पर्यंत. म्हणून त्या सगळ्या वापरायलाच हव्यात असं थोडंच आहे? पहिला फॉर्म भरतानाच घरच्यांसोबत बसून किती प्रयत्न, किती पैसे आणि मध्ये कुठली नोकरी हे ठरवावं. लेखकांनी पुढच्या भागात यावर जरूर लिहावं.