बदकांची ‘जोडी’ नेमकी कुणाच्या सोयीची?

सोलापूर, मोहोळ, बार्शीकडच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘बदकं कायम जोडीनंच घ्या, दहा माद्या तर दहा नर. नर नसेल तर मादी अंडी घालत नाही. नराच्या कळपातलं अंडं ताकदीचं असतं आणि जास्त टिकतं. शिवाय नर राखण करतो.’ शेततळ्यात पाणी आहे, चार बदकं सोडू म्हणणारा माणूस हे वाचतो आणि निम्मे पैसे नरांवर घालवतो.

आधी अंड्यांचं बघू. अंडी विकणाऱ्या पोल्ट्रीत हजारो कोंबड्या असतात, तिथं कोंबडा बघितलाय कुणी? बदकाचंही तेच. खाकी कॅम्पबेल या अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जातीची चांगली मादी वर्षाला अडीचशे ते तीनशे अंडी घालते, नर असो वा नसो. नर लागतो तो फक्त पिल्लं काढायची असतील तेव्हा.

ताकदीचा मुद्दा दोन शब्दांत संपतो. फलित आणि अफलित अंड्याच्या पोषणात सांगण्यासारखा फरक नाही.

टिकण्याचं मात्र अगदी उलटं आहे, आणि सोलापुरात तर जास्तच. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. पत्र्याखाली ठेवलेल्या टोपलीतल्या फलित अंड्यात अशा उष्म्यानं गर्भ वाढायला लागतो, थोडा वाढून मरतो आणि अंडं नासतं. गिऱ्हाईक घरी जाऊन अंडं फोडतं, आत रक्ताच्या शिरा दिसतात, की तुमचं गिऱ्हाईक कायमचं तुटलं. नुसत्या माद्यांच्या कळपात ही भानगडच नाही. खायची अंडी विकायची असतील तर उन्हाळ्यात नर नसलेलाच बरा. आणि नर आज बाजूला काढला म्हणून उद्याचं अंडं अफलित होत नाही. मादीच्या शरीरात वीर्य टिकून राहतं, त्यामुळे पुढं आठवडा-दोन आठवडे फलित अंडी येतच राहतात.

आता ‘दहाला दहा’. पिल्लांसाठी कळप ठेवायचा तर पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. त्याहून नर वाढले की भोगायचं माद्यांनी. नर मादीच्या मानेची पिसं चोचीत धरून वर चढतो. एकच नर असेल तर ती पिसं विस्कटतात तेवढीच. चार नर पाठीमागे लागले की मान आणि डोक्याची मागची बाजू उघडी पडते, खपल्या धरतात, पाय लचकतो. अशी मादी खुराड्याच्या कोपऱ्यात बसून राहते, दाण्याला येत नाही, अंडं कमी होतं. मालक म्हणतो, रोग आला. बदकांचा संग बहुतेक पाण्यातच होतो. आपल्याकडं उन्हाळ्यात शेततळं आटलं की एका लहानशा हौदात सगळी बदकं कोंबली जातात, आणि तिथं तीन नरांच्या ओझ्याखाली मादीचं डोकं पाण्यात दाबलं जाऊन ती मरूही शकते.

असल्या जादा नरांना कोंबड्यांत सोडून देतात, तेही नको. नर बदकाला लिंग असतं, कोंबड्याला तसं नसतं. बदकानं धरलेल्या कोंबडीला आतून जबर इजा होते. वेगळं खुराडं करून नुसते नर एकत्र ठेवा. मादी नजरेआड असली की ते बहुधा गुण्यागोविंदानं राहतात. नाहीतर सरळ विका.

जोडीचा हा हट्ट येतो कुठून? हिवाळ्यात उजनीच्या पाणलोटात चक्रवाक येतात, ते खरंच जोडीनं दिसतात, आणि चक्रवाकाची जोडी आपल्या मनात फार जुनी बसलेली आहे. पण खाकी कॅम्पबेल वा पेकिन या पाळीव जाती मॅलार्ड नावाच्या रानबदकापासून आलेल्या. त्यांच्यातली जोडी हंगामापुरती, मादी अंड्यावर बसली की नर निघून जातो. खुराड्यात तर तेवढाही विधिनिषेध नाही.

राखणीचं म्हणाल तर नराचा आवाजच बसका. आरडाओरडा करते ती मादी. राखणीला हंस पाळा, किंवा कुत्रा.

खरी गोम पिल्लांच्या धंद्यात आहे. अंड्यातून नर-मादी साधारण निम्मे निम्मे निघतात, आणि एक दिवसाच्या पिल्लांची निवड करायला सरावलेला हात लागतो. न निवडलेली पिल्लं ‘जोडी’ म्हणून खपवली की विकणाऱ्याचे सगळे नर गेले. तुमच्या गळ्यात मात्र रोज दीडशे ग्रॅमच्या आसपास दाणा खाणारं, अंडं न देणारं तोंड.

म्हणून दर थोडा जास्त पडला तरी दोन महिन्यांची, आवाज फुटलेली बदकं घ्या. एकेक हातात धरा. मोठ्यानं कॅक-कॅक करते ती मादी, घोगरं घसाफाटकं बोलतो तो नर. शेपटीवर वर वळलेली पिसं असतील तर नर नक्की, पण ती उशिरा येतात आणि पिसं झडताना गळूनही पडतात, तेव्हा वळलेली पिसं दिसली नाहीत म्हणून मादी समजू नका. मस्कोव्ही जातीच्या बदकांत ही वळलेली पिसं नसतातच. तिथं नर मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा असतो आणि त्याच्या तोंडावर लाल मांसाच्या गाठी ठसठशीत दिसतात.